‘मॉडेल समजून घेईल’ या म्हणण्याला उत्तर

एआय एजंटच्या हाती दस्तऐवज दुरुस्त करण्याची साधनं देणारे लोक अलीकडे एक गोष्ट फार ठामपणे सांगतात. साधनाला नेमकं नाव द्या, एका ओळीचं वर्णन जोडा, बाकीचं मॉडेल समजून घेईल. माहितीपत्रकं माणसांसाठी होती. जे यंत्र कायद्याची कलमं वाचतं आणि स्वतः कोड लिहितं, त्याला ‘मजकूर बदला’ म्हणजे काय हे वेगळं कशाला सांगायचं? आज कुठे अडखळलं तर पुढच्या आवृत्तीत सुधारेल. असं म्हणणारे कुणी अडाणी नाहीत. त्यांतले कित्येक उत्तम प्रोग्रामर आहेत. तरीही ते चुकत आहेत, आणि या चुकीचा भुर्दंड त्यांच्यावर पडणार नाही. तो पडेल बुलढाण्याजवळच्या देऊळघाटातल्या एखाद्या खातेदारावर, ज्याच्या वारसनोंदीच्या अर्जात चुलत्याचं नाव भलत्याच जागी बदललेलं असेल आणि सही होईपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही आलेलं नसेल.

एजंटला नेमकं काय दिसतं, इथून सुरुवात करू. माणूस वर्डमध्ये फाइल उघडतो तेव्हा त्याच्यासमोर पान असतं. चुकीचा शब्द निवडला गेला तर तो डोळ्यांना दिसतो. एजंटसमोर असं पान बहुधा नसतं. त्याला मिळतं साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याचा आराखडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन एजंटपुढे येतं ते याच रूपात. साधनाचा कोड सर्व्हरवर असतो, एजंटच्या हाती तो सहसा येत नाही. त्यामुळे ‘मॉडेल कोड वाचून ओळखेल’ हा युक्तिवाद इथे उभाच राहत नाही. वर्णनात जे आलं नाही, त्या जागी एजंट अंदाज भरतो.

हा अंदाज येतो कुठून? मॉडेलने वाचलेल्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा आहे. दस्तऐवजांच्या साधनांविषयी जे लिहिलं गेलं आहे, ते तर जवळपास सगळं इंग्रजी मजकूर गृहीत धरूनच. म्हणजे साधनकर्त्याने गाळलेली प्रत्येक ओळ इंग्रजीच्या सवयीने भरली जाते. इंग्रजी दस्तऐवजात ती सवय बहुतेक वेळा खपून जाते. मराठीत ती खपत नाही. माझा सगळा आक्षेप या एका मुद्द्यावर उभा आहे, म्हणून तो उदाहरणांनी दाखवतो.

‘देऊळघाट’ हा शब्द किती अक्षरांचा? शाळेतलं पोर सांगेल, पाच. युनिकोडच्या हिशेबात तो सात चिन्हांचा, कारण ‘दे’ची मात्रा आणि ‘घा’चा काना वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये साठवला की तोच शब्द एकवीस बाइटचा. आता एखाद्या साधनाचं वर्णन नुसतं एवढंच आहे: ‘सुरुवातीची जागा आणि लांबी द्या, तेवढा मजकूर काढला जाईल.’ लांबी कशात मोजायची, यावर एक अक्षर नाही. एजंटने पाच लिहिलं आणि साधन युनिकोडची चिन्हं मोजत असलं, तर ‘देऊळ’ जातं, ‘घ’ जातो, आणि त्याचा काना ‘ट’च्या आधी निराधार मागे राहतो. फाइल व्यवस्थित उघडते, त्रुटीचा एकही संदेश येत नाही. बुलढाण्याचं नाव इंग्रजी लिपीत लिहिलं तर अक्षरं आठ, चिन्हं आठ आणि बाइटही आठच. ज्याने आयुष्यभर असाच मजकूर हाताळला, त्याला हा प्रश्न पडतच नाही, म्हणून तो उत्तरही लिहीत नाही. गूगल डॉक्सच्या एपीआयच्या माहितीपत्रकात मात्र स्पष्ट लिहिलं आहे की जागा यूटीएफ-१६ च्या एककांत मोजल्या जातात. ती एक ओळ लिहायला कुणाला किती वेळ लागला असेल? ती नसती, तर कितीही हुशार मॉडेलने तर्काने ती शोधून काढली नसती.

शोधण्याच्या कामात तर याहून मोठी अडचण आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकलेला सापडतो. एकात मराठीचा खास ऱ वापरलेला असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. वकिलांच्या नावाआधी येणाऱ्या ‘ॲड.’चंही तसंच. चंद्र असलेला एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या मजकुरात, आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात, अ आणि चंद्र अशी दोन चिन्हं जोडलेली आहेत. युनिकोडचं प्रमाण सामान्यीकरण या दोन रूपांना एक करत नाही. एजंटने एक रूप शोधलं आणि कागदात दुसरं असलं, तर साधन सांगणार, ‘सापडलं नाही’. आणि एजंट तुम्हाला सांगणार, की या मसुद्यात त्या वकिलांचं नाव कुठेही नाही. साधन तंतोतंत जुळणी करतं, न दिसणारी चिन्हंही मोजतं, दोन रूपांना एक मानत नाही: ही वाक्यं वर्णनात असती तर एजंटने दुसरं रूप शोधून पाहिलं असतं. ते काम तो सहज करू शकतो. गरज कुठे आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

जुन्या कचेऱ्यांतल्या फाइलींची गोष्ट आणखी वेगळी. श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममधले कित्येक मसुदे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. तिथे साठवलेली चिन्हं रोमन असतात, देवनागरी दिसते ती फक्त त्या फॉन्टमुळे. असा मसुदा पुढे आला तर काय परत करणार, हेही साधनाने सांगायला हवं.

वर्डच्या फाइलीकडे येऊ, कारण प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्राचे मसुदे, ग्रामसभेची इतिवृत्तं बहुतेक याच रूपात असतात. डॉक्स-एक्स फाइल म्हणजे एक्सएमएलच्या फाइलींचं झिप केलेलं गाठोडं. तिचं प्रमाण २००६ मध्ये एक्मा संस्थेने आणि २००८ मध्ये आयएसओने स्वीकारलं. ते हजारो पानांचं आहे. परिच्छेदातला मजकूर तिथे तुकड्यांत साठवलेला असतो, आणि हे तुकडे कुठे पडतील त्याचा भरवसा नाही. मधेच स्पेलिंग तपासलं गेलं, एक अक्षर दुरुस्त केलं, फॉन्ट बदलला, की एकाच आडनावाचे तीन तुकडे होतात. साधन तुकड्यागणिक शोधत असलं तर डोळ्यांसमोरचं आडनाव त्याला सापडत नाही. साधन परिच्छेद जोडून शोधतं की तुकडा-तुकडा पाहतं, हे त्याच्या कर्त्यालाच ठाऊक असतं.

ठळक अक्षरांचं उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. वर्डच्या फाइलीत ठळकपणाची खूण दोन ठिकाणी असते. एक इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी, दुसरी वर्ड ज्यांना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणतो त्यांच्यासाठी. अक्षरांच्या आकाराचंही तसंच, फॉन्टचंही तसंच. देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्या दुसऱ्या गटात मोडतात. पायथन-डॉक्स या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतही हे दोन ठळकपणा वेगवेगळे गुणधर्म म्हणून दिलेले आहेत. त्यावर बेतलेल्या साधनाने पहिली खूण केली आणि दुसरी केली नाही, तर एजंट सांगतो, ‘शीर्षक ठळक केलं’. साधनही सांगतं, ‘झालं’. कागदावर मराठी शीर्षक जसंच्या तसं बारीक. देऊळघाटासारख्या गावात मराठीबरोबर उर्दूही लिहिली जाते; तिथे दोन्ही लिप्यांचे वापरणारे एकाच खड्ड्यात पडतात. यात मॉडेलच्या बुद्धीचा दोष कुठे आहे? त्याने सांगितलेलं साधन सांगितल्याप्रमाणे चालवलं. साधनाच्या वर्णनात ‘हे फक्त लॅटिन मजकुरावर लागू होतं’ हे वाक्य नव्हतं.

आता बदलण्याच्या कामाकडे. देऊळघाटच्या एखाद्या वाटणीपत्रात ‘शेख’ किंवा ‘सय्यद’ हे शब्द किती वेळा येतील याचा विचार करा. ‘शोधा आणि बदला’ असं नाव असलेलं साधन पहिलाच शब्द बदलतं, सगळे बदलतं, की एकापेक्षा जास्त सापडले तर थांबून विचारतं? तिन्ही तऱ्हांची साधनं प्रचारात आहेत. ‘गट नंबर १२’ शोधलं तर ‘गट नंबर १२५’च्या आतलं १२ धरलं जाईल का? अंक देवनागरी दिले आणि कागदात इंग्रजी असले तर? अँथ्रॉपिकने आपल्या मॉडेलांसाठी दिलेल्या मजकूर-संपादन साधनाचा नियम असा, की बदलायचा मजकूर फाइलीत नेमका एकदाच सापडला पाहिजे. नाही सापडला किंवा अनेकदा सापडला तर बदल न करता त्रुटी परत येते, म्हणजे एजंटने आजूबाजूचा मजकूर जोडून जागा पक्की करावी. नियम चांगला आहे. त्याहून चांगलं हे, की तो लिहून सांगितलेला आहे.

आपल्याकडे महसुलाच्या दप्तराला ही शिस्त फार पूर्वीपासून माहीत आहे. सातबाऱ्यावरचं नाव कुणी खोडत नाही. जुन्या नावाला कंस होतो, त्याशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, आणि तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहामध्ये गेलं की बदल का झाला, कशाच्या आधारावर झाला, हे कळतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे नोंद धरली की तिची प्रत चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, हरकत आली तर तक्रारी नोंदवहीत ती चढते, आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच नोंद पक्की होते. हे सगळं तलाठ्याच्या समजुतीवर सोडलेलं नाही. १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम आहेत, एक ते एकवीस गाव नमुने आहेत, जुन्या मुंबई इलाख्यात अँडरसनची महसुली हिशेबाची पुस्तिका पिढ्यानपिढ्या टेबलावर होती. तलाठी हुशार नव्हता म्हणून ती लिहिली गेली नाही. हजारो गावांत हजारो हातांनी एकाच तऱ्हेने नोंद व्हावी म्हणून ती लिहिली गेली. एजंटच्या बाबतीत तर एकच साधन एकाच दिवशी त्याहून जास्त हातांत असणार आहे.

हेही स्पष्ट सांगतो, की ई-फेरफार प्रणालीतला सातबारा कुणी एजंट बदलत नाही. ते काम अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीने होतं, आणि तसंच राहावं. मी बोलतो आहे ते त्याआधीच्या कागदांबद्दल: वारसनोंदीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, वाटणीचा मसुदा, ठराव. तहसीलीबाहेरच्या अर्जनवीसाच्या टेबलावरून निघणारा हा मजकूरच पुढे नोंदीचा पाया होतो. हस्तलिखित सातबारे संगणकावर उतरवताना किती चुका शिरल्या, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. त्यासाठी एडिट मॉड्यूल आणावं लागलं, २०१७ मध्ये गावोगाव चावडीवाचन करावं लागलं. अजूनही लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी कलम १५५ खाली अर्ज घेऊन लोक तहसीलदारापुढे उभे असतात. एका चुकलेल्या अक्षरासाठी माणसाला काय काय करावं लागतं, हे ज्याने पाहिलं आहे, तो ‘पुढच्या आवृत्तीत सुधारेल’ असं सहज म्हणणार नाही.

म्हणून कंसाचा प्रश्न मी साधनकर्त्यांना विचारतो. तुमचं ‘काढा’ हे साधन मजकूर पुसतं, की काढल्याची खूण ठेवतं? वर्डच्या फाइलीत बदल नोंदवून ठेवण्याची सोय आहे. घातलेलं आणि काढलेलं दोन्ही कुणी, केव्हा केलं यासह राहतं. साधन ती सोय वापरतं का? मूळ फाइलीवरच लिहितं की नवी प्रत करतं? दोनदा चालवलं तर बदल दोनदा होतो का? मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये ‘हे साधन विध्वंसक आहे’, ‘हे फक्त वाचतं’ अशा सूचना जोडायची सोय आहे. काही जण म्हणतात, एवढ्या चौकटी भरल्या की पुरे. पण प्रोटोकॉलच्या भाषेतच त्या केवळ सूचना आहेत आणि अनोळखी सर्व्हरच्या सूचनांवर विसंबू नये असं तोच बजावतो. काय पुसलं जातं आणि काय परत आणता येतं, हे वाक्यातच लिहावं लागतं.

‘पुढचं मॉडेल’ या युक्तिवादाला एक उत्तर तर्काचं आहे. मोजणी शून्यापासून की एकपासून, हा साधनाच्या कर्त्याने घेतलेला निर्णय आहे. तो जगाच्या ज्ञानातून काढता येत नाही. तो कळण्याचे मार्ग दोनच: कर्त्याने सांगणं, किंवा साधन चालवून पाहणं. दस्तऐवजाच्या बाबतीत चालवून पाहणं म्हणजे दस्तऐवज बदलणं. दुसरं उत्तर अनुभवाचं. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०२४ मध्ये एसडब्ल्यूई-एजंट या कोड दुरुस्त करणाऱ्या एजंटवरच्या कामात दाखवलं, की मॉडेल तेच ठेवून फाइल पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची साधनं एजंटला पेलतील अशी घडवली, तर कामगिरी स्पष्टपणे सुधारते. त्यांच्या संपादकात सदोष बदल लगेच नाकारला जाई आणि का नाकारला ते सांगितलं जाई. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी लिहिलं, की कोड दुरुस्त करणारा एजंट घडवताना त्यांचा जास्त वेळ मुख्य सूचनेपेक्षा साधनं सुधारण्यात गेला. एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलीचा सापेक्ष पत्ता चुकवत असे. पूर्ण पत्ता देणं साधनाने सक्तीचं केलं आणि ती चूक थांबली. मॉडेल घडवणारेच असं म्हणत असतील, तर मॉडेलच्या भरवशावर माहितीपत्रक टाळणाऱ्यांनी कशाचा आधार घ्यायचा?

एक आक्षेप मात्र खरा आहे. वर्णन प्रत्येक वेळी मॉडेलच्या पुढ्यात जातं, त्याचे टोकन लागतात, पैसे लागतात, आणि फार लांब वर्णनात महत्त्वाची ओळ हरवते. मान्य. पण हा आक्षेप चुकीच्या ओळींविरुद्ध आहे. ‘शक्तिशाली’, ‘बहुपयोगी’, ‘अत्याधुनिक’ ही विशेषणं काढा. साधनाचा इतिहास काढा. मोजणीचं एकक, जुळणीचा नियम, अनेक जागा सापडल्या तर काय, काही सापडलं नाही तर काय, पुसलं जातं की खूण राहते, आणि साधन काय करत नाही, एवढं ठेवा. सहा-सात वाक्यांत बसतं. सोबत देवनागरीतलं एक उदाहरण द्या. वर्णन इंग्रजीत असलं तरी उदाहरण मराठी असू शकतं. या वाक्यांअभावी एजंट चुकतो, फाइल पुन्हा वाचतो, पुन्हा प्रयत्न करतो, तेव्हा जाणारे टोकन कुणी हिशेबात धरत नाही.

शेवटचा युक्तिवाद असतो, ‘माणूस तपासेलच.’ कोणता माणूस, आणि कशाच्या आधारावर? अर्जनवीसापुढे रांग असते. समोरच्या खातेदाराला कदाचित वाचताही येत नसतं. तपासणीला आधार हवा तो साधनाच्या उत्तराचा, आणि तेही माहितीपत्रकाचाच भाग आहे. ‘यशस्वी’ एवढंच परत करणारं साधन तपासायला काहीच देत नाही. त्याने सांगावं: तीन जागा सापडल्या, एक बदलली, पान दुसरं, परिच्छेद चौथा; आधीची ओळ ही, नंतरची ही; उरलेल्या दोन जागांना हात लावलेला नाही. हे उत्तर एजंटने माणसापुढे मराठीत वाचून दाखवलं, तर अक्षरओळख नसलेली म्हातारीसुद्धा सांगू शकते, की तिसऱ्या ओळीतला तो शेख तिचा दीर आहे आणि त्याचं नाव बदलायचं नव्हतं.